कानामागे दोन थेंब

३ मार्च

चि. चिंगीस,

मोठ्या मावशीचे आशीर्वाद. एरवी अनेक असतात, या वेळी मोजून एक. वि. वि.

रविवार, दोन मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. जागा माझीच बैठकीची खोली, खिडकीजवळची खुर्ची. निमित्त माझ्या सत्तराव्या वाढदिवसाचं. हजर मंडळी म्हणजे तुझे आईबाबा, शेजारचे दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. या चौघांदेखत तू माझी हनुवटी धरलीस, ओल्या कापसाने माझा गाल पुसलास, तो कापूस उजेडात धरून सगळ्यांना दाखवलास आणि जाहीर केलंस की मावशीची पावडर तिच्या रंगाची नाहीच, दोन पायऱ्या जास्त गोरी आहे. दातांचे डॉक्टर हसले. ज्या माणसाने माझी अर्धी कवळी केली आहे, त्याला हसायची ही पहिलीच संधी तू दिलीस.

टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात मी एकतीस वर्षं काढली. तक्रार कशी लिहावी हे मला कळतं. आधी तारीख आणि वेळ, मग काय घडलं, मग काय हवं. म्हणून तशीच लिहिते आहे. तू मोठ्या दुकानात क्रीम-पावडरच्या काउंटरवर उभी राहतेस, मान्य. पण तिथे बायका आपणहून तोंड पुढे करतात. मी केलं नव्हतं.

वर ती पेटी! तोंड धुवायचं एक, तोंडाला लावायचं एक, उन्हासाठी आणखी एक, ओठांना लावायची फिकट कांडी, आणि चिठ्ठी : ‘रोज. थोडंसं.’ हे औषध आहे की भेट? शिवाय बोटभर उंचीची ती अत्तराची बाटली माझ्या हातात कोंबून तू कानात पुटपुटलीस की यापुढे हेच लाव आणि मोठी बाटली कपाटात ठेवून दे. ती काचेच्या बुचाची बाटली मी पहिल्या पगारात घेतली. तेव्हापासून दर वेळी तोच सुवास भरून आणते. कानामागे दोन थेंब, एक डावीकडे, एक उजवीकडे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये गाणं शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या की सुवास हात मिळवण्याच्या अंतरापर्यंत जावा, त्यापुढे गेला की तो गोंगाट. हे मला वयाच्या तेराव्या वर्षी कळलं आहे. तुला तिसाव्या वर्षी मला शिकवायची गरज नाही.

तू आणलेल्या फुलांबद्दल आभार. दिसायला मोठाली, पण वासाच्या नावाने शून्य, अगदी कागदाची असावीत तशी. हल्ली सगळंच तसलं विकतात. चहाला चव नाही, साबणाला वास नाही आणि दुकानदाराला लाज नाही.

या बुधवारी ग्रंथालयाला सुट्टी आहे, पुढच्या बुधवारी वाचनाला जायचं आहे. अंधांच्या ग्रंथालयात नऊ वर्षं मी दर बुधवारी चार वाजता मोठ्याने वाचते, आणि आठवड्यात तेवढ्या एका दिवशी कोणीतरी माझी वाट बघत असतं. तिथे मी व्यवस्थित तयार होऊनच जाते. गेल्या महिन्यात खोलीला रंग द्यायचा म्हणून व्यवस्थापक बाईंनी दोन बुधवार रद्द केले. रंग काही दिलेला दिसला नाही. त्यांच्याकडेही मी बघणार आहे.

लोभ आहे, पण तूर्त कुलपात ठेवला आहे.

तुझी
मोठी मावशी


७ मार्च

ती. मोठ्या मावशीस,

शि. सा. न. वि. वि.

तक्रार पोचली, नोंद घेतली. कापूस सगळ्यांना दाखवायला नको होता. चुकले. काउंटरची सवय लागली आहे. परवा बसमध्ये शेजारच्या बाईच्या गळ्याचा आणि चेहऱ्याचा रंग वेगळा दिसला आणि माझा हात रुमालाकडे गेला होता, म्हणजे बघ.

पण पावडरचं खरंच सांगते. तू ती घेतलीस तेव्हा तुझी कातडी चाळिशीची होती. आता ती कोरडी झाली आहे, पावडर सुरकुत्यांत जाऊन बसते आणि तू आहेस त्यापेक्षा म्हातारी दिसतेस. पेटीतलं क्रीम ओल्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं. उन्हाचं त्यावर, ढग असले तरी. ओठांची कांडी आरशाशिवायही लावता येते, म्हणून तीच निवडली. दुकानात बायका मनगटावर रंगांचे पट्टे ओढून बघतात. मी त्यांना दाराबाहेर उजेडात नेते आणि जबड्याच्या कडेला लावून बघते. जो रंग तिथे दिसेनासा होतो, तो आपला. मालक ओरडतात की गिऱ्हाईक पळून जाईल. अजून एकही पळालेलं नाही. तुझ्यासाठी मी तीन आठवडे निवडत होते, मावशी. तुझा फोटो बाहेर नेऊन त्याच्याशी रंग जुळवत होते. शेजारचा चपलावाला विचारत होता की मुलीला वेड लागलं का.

फुलांचं मात्र नवल वाटलं. त्या लिली होत्या. गाडीत त्यांच्या वासाने बाबांचं डोकं दुखायला लागलं आणि सगळ्या काचा खाली केल्या. माझ्यावरच्या रागापायी फुलांना का नावं ठेवतेस?

एक विनंती. वाचनाची खोली लहान आहे, खिडकी नाही. तिथे जाताना तरी छोट्या बाटलीतलं लावशील का? दोनच थेंब. इतकंच.

कुलपाची किल्ली हरवू नकोस.

तुझी
चिंगी


१३ मार्च

चि. चिंगीस,

अनेक आशीर्वाद. (एकाचे अनेक केले आहेत. हुरळून जाऊ नकोस.) वि. वि.

क्रीम आठ दिवस लावलं. आवडलं म्हणून नव्हे, तपासणीसाठी. सकाळी तोंड धुतल्यावर गाल ताणल्यासारखे वाटायचे, ते थांबलं. दातांच्या डॉक्टरांच्या बायकोने जिन्यात विचारलं की तुम्ही कुठे हवापालटाला जाऊन आलात का. पावडर लावली नव्हती, बाकी काही नाही. ओठांची कांडी मी बॅगेत ठेवली आहे. हे पत्र तुझ्या आईला वाचून दाखवायचं नाही.

अत्तराबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. तुझी ती छोटी बाटली उघडून पाहिली. काही दम नाही. नुसतं पाणी आहे. तुला दुकानात कोणी तरी फसवलं. माझी बुचाची बाटली आहे तशीच आहे, चाळीस वर्षांपूर्वी जशी होती तशी. लावल्यावर मनाला बरं वाटतं. हल्ली वाळायला जरा वेळ लागतो, हवा दमट आहे.

काल बुधवारी मी मुद्दाम चांगले सहा थेंब लावून गेले. तिथे काय व्हावं? मी खुर्चीत बसले, पुस्तक उघडलं, चष्मा पुसला. समोर वाद्यवाले काका. आयुष्यभर लोकांची वाद्यं जुळवली त्यांनी, कान असे की गल्लीत कोणाची सायकल आली ते सांगतात. ते तोंड वर करून बसले आणि पाच मिनिटांनी व्यवस्थापक बाईंना विचारतात की आज वाचणाऱ्या बाई आल्या नाहीत वाटतं. मी चार फुटांवर! मी घसा खाकरला तर दचकले. नऊ वर्षं मी दारातून आत पाऊल टाकायच्या आधी ते मला नमस्कार करत आले आहेत. आणि निवृत्त टायपिस्ट बाई, ज्या नेहमी दाराजवळ बसतात, त्या काल पुढच्या खुर्चीत माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या, आणि तासभर एकदाही खोकल्या नाहीत. यांनी मिळून माझी काही थट्टा चालवली आहे का? मला रात्री जेवण गेलं नाही. तसं हल्ली जेवण जातच नाही म्हणा. भाज्या निःसत्त्व आहेत.

तुला यातलं काही माहीत असेल तर सांग. तुझी आई फोनवर विषय बदलते.

लोभ कुलपातून काढून टेबलावर ठेवला आहे.

तुझी
मोठी मावशी


१७ मार्च

ती. मोठ्या मावशीस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काउंटरवर उभ्याने वाचलं. ‘आहे तशीच आहे’ या वाक्याशी आले आणि खाली खोक्यांच्या मधे बसले. गिऱ्हाईक वरून वाकून विचारत होतं की काय सांडलं.

मावशी, बुचाच्या बाटलीत पाणी आहे.

तुझ्या वाढदिवशी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी, तुम्ही सगळे गच्चीवर असताना मी ती बेसिनमध्ये रिकामी केली. धुतली, उकळून निववलेलं पाणी भरलं आणि रंग यावा म्हणून त्यात चमचाभर कोरा चहा घातला. छोट्या बाटलीत खरं अत्तर आहे. तू जिला पाणी म्हणालीस ती.

का केलं ते सांगते. ग्रंथालयाच्या व्यवस्थापक बाईंनी जानेवारीत आईला फोन केला होता. त्या बंद खोलीत तुझ्या अत्तराने टायपिस्ट बाईंना धाप लागते. दोघेजण यायचे बंद झाले. रंगाचं कारण खोटं होतं. एप्रिलपासून तुझं वाचनच थांबवायचं ठरत होतं, पण तुला सांगायला कोणी तयार नव्हतं. आई म्हणाली, तू सांग. मी म्हटलं, तू सांग. असे दोन महिने गेले. आपल्या घरात भांडण झाल्याशिवाय कोणी खरं बोलत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून मी भांडण लावायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बूच उघडशील, घर डोक्यावर घेशील, सात वाजता माझा फोन वाजेल, तू मला चोर म्हणशील आणि त्या आवाजात मी सगळं सांगून टाकेन, असा माझा बेत होता. फोन उशाशी घेऊन झोपले होते. फोन आला नाही. नंतर पत्र आलं, ते पावडरबद्दल.

मला वाटलं, तू मुद्दाम गप्प आहेस. आता कळलं, तुला वासच येत नाही. लिलीचा नाही, चहाचा नाही. थेंब दोनाचे किती झाले ते तुला कळलंच नाही.

आणि याहून भयंकर एक गोष्ट. त्याच दिवशी दुपारी मी सगळ्यांच्या चहासाठी स्वयंपाकघरात गेले तेव्हा शेगडीचं एक बटण अर्धवट फिरलेलं होतं आणि जाळ नव्हता. गॅसचा वास भरला होता. तू तिथेच उभी राहून पेले पुसत होतीस. मला वाटलं, आत्ताच चुकून धक्का लागला असेल. मी बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि तुला बोलले नाही, कारण वाढदिवस होता. मावशी, तू किती वेळ तिथे उभी होतीस?

पत्र मिळाल्याबरोबर डॉक्टरकडे जा. बाबा उद्या गॅस गळला की वाजणारी घंटा बसवायला येत आहेत. हाकलून देऊ नकोस.

काय हवं ते बोल. पण बोल.

तुझी
चिंगी


१९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

चिंगी रडते आहे. तिच्यावर रागावू नकोस, माझ्यावर रागाव. दोन वर्षांपूर्वी त्या मोठ्या तापातून उठलीस तेव्हा माझ्या घरी कढईत कांदा जळून कोळसा झाला आणि तू शेजारी बसून पेपर वाचत होतीस. मला तेव्हाच शंका आली होती. पण तुला काही सांगायचं म्हणजे लहानपणापासून माझ्या पोटात गोळा येतो. तू माझी वही तपासायचीस तो गोळा अजून गेला नाही. फोन केला तर मी पुन्हा हवापाण्यावर येईन, म्हणून लिहिलं.

तुझी
छोटी


२७ मार्च

चि. चिंगीस (आणि हे पत्र चोरून वाचणाऱ्या तुझ्या आईस),

आशीर्वाद. किती ते शेवटी ठरवीन. वि. वि.

मंगळवार, अठरा मार्च, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी तुझं पत्र माझ्या हातात पडलं. ते मी तीनदा वाचलं. मग बाटली आणली, बूच काढलं आणि नाक अक्षरशः काचेला टेकवलं. मला माझा सुवास आला. शपथेवर सांगते, आला. मग बशीत थोडं ओतलं आणि जीभ लावली. चुरचुरलं नाही, नुसतं तुरट लागलं. कोरा चहा.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. दोन वर्षं मी वास घेत नव्हते, आठवत होते. त्यानंतर तुझे बाबा येईपर्यंत मी पाच वाट्या मांडल्या. कॉफी, व्हिनेगर, लवंग, साबणाचा किस आणि लसूण. डोळे मिटून वाट्या फिरवल्या आणि एकेक हुंगली. पाचपैकी शून्य. व्हिनेगरने नाक चुरचुरलं, तेवढंच. शाळेत भूगोलातही मला कधी शून्य मिळालं नव्हतं.

तुझे बाबा आले, त्यांना हाकललं नाही. घंटा बसली. तिची चाचणी घेतली तर दातांचे डॉक्टर हातात पक्कड घेऊन धावत आले. त्यांना बसवून चहा दिला. कसा होता विचारलं, तर म्हणाले, फार कडक. मला काय कळणार?

नाकाच्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, त्या तापात नाकातल्या वासाच्या नसा दुखावल्या. थोडं परत येईल, कदाचित येणार नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार ठरलेले वास हुंगायचे आणि काय हुंगतो आहोत ते मनात म्हणायचं. काही येत नसलं तरी. मी हुंगते आहे. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. पण तक्रार विभागात मी एकतीस वर्षं तेच केलं.

शेगडीजवळ मी किती वेळ उभी होते, असं तू विचारलंस. बारा पेले पुसून झाले होते. हिशोब तूच कर. मी एकदा केला, पुन्हा करणार नाही.

आता काल बुधवारचं ऐक. मी काहीही न लावता गेले. चार वाजता उभी राहिले आणि सांगितलं की मला दोन वर्षं वास येत नाही, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, आणि हे मला कोणी कळवलं नाही. व्यवस्थापक बाई रडकुंडीला आल्या, रंगाचं कबूल केलं. टायपिस्ट बाई म्हणाल्या, तुमचा आवाज सोडवत नव्हता, म्हणून दाराजवळ बसून अर्धा श्वास बाहेर आणि अर्धा आत असं चालवलं होतं. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. वाद्यवाल्या काकांना मी विचारलं की माझा वास कसा होता, खरं सांगा. ते म्हणाले, पहिली काही वर्षं कोणीतरी धुतलेल्या कपड्यांचं कपाट हलकेच उघडल्यासारखा. गेली दोन वर्षं ते कपाट अंगावर पडल्यासारखा. सगळे हसले, मीही हसले. मग घरी येऊन दार लावलं आणि हसले नाही. वाचन चालू राहणार आहे.

आता माझी तक्रार. बाटली ओतलीस ती नव्हे. ते मी माफ करते, चहासुद्धा. पावडर तर मी स्वतःच टाकून दिली. तक्रार ही की एकतीस वर्षं अनोळखी माणसं मला रस्त्यात गाठून आपली गाऱ्हाणी सांगत राहिली, आणि माझ्याविषयीची एक तक्रार माझ्याच घरच्यांना माझ्याकडे नोंदवता आली नाही. इतकी भीती वाटावी असं माझ्यात काय आहे? (छोटी, तुझी वही मी तपासायचे कारण तू ‘सात’ उलटा काढायचीस. अजूनही काढतेस. पण गोळ्याबद्दल मला वाईट वाटलं. मला हे माहीत नव्हतं.)

मागण्या अशा. माझ्या नाकाचं काम यापुढे तुझ्या नाकाने करायचं. मला रोज लावता येईल असं अत्तर तू निवड. चेहऱ्याला रंग लावून बघतेस तसं ते माझ्याच मनगटावर लावून बघ, त्यासाठी इथे ये. बंद खोलीत कोणाला धाप लागणार नाही असं हवं. दोनच थेंब, आणि ड्रॉपर दे, माझ्या हातावर माझा भरवसा राहिलेला नाही. शेवटचा शब्द वाद्यवाल्या काकांचा. मी दाराबाहेर असताना त्यांना कळता कामा नये. चार फुटांवर बसले की कळलं पाहिजे.

आणि मुख्य मागणी. तुझ्या छोट्या बाटलीतलं मी आत्ता मनगटावर लावलं आहे. दोन थेंब. मनगट नाकाशी धरून हे लिहिते आहे. गार लागतं, लगेच उडून जातं, एवढंच मला कळतं. ते कसं आहे हे तू मला लिहून कळव. दुकानातली भाषा नको, खोक्यावर छापलेलं तर मुळीच नको. कपाट उघडल्यासारखं, की आणखी कशासारखं? माझ्या अंगाला मी काय लावते आहे, हे मला रोज सकाळी ड्रॉपर हातात घेण्याआधी वाचता आलं पाहिजे. खोटं गोड लिहिलंस तर वाद्यवाल्या काकांकडून पडताळून घेईन.

फोन चालणार नाही. फोनवर तुम्ही दोघी विषय बदलता. उत्तर लेखी हवं, तुझ्या अक्षरात, शनिवार, पाच एप्रिल, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात.

आशीर्वाद अनेक. लोभाचं कुलूप मोडून टाकलं आहे.

तुझी
मोठी मावशी